लघु शंकेचं निरसन

विभागातल्या पोरी सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत पाण्याचा थेंब घेत नसत. पाण्याशी त्यांचं काही वाकडं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर मुलींसाठी एकच प्रसाधनगृह होतं आणि त्याला दोन वर्षं पितळी कुलूप होतं. वसतिगृह चालत वीस मिनिटांवर. जायला वीस, यायला वीस, म्हणजे वर्गातला एक तास बुडाला. त्यापेक्षा घसा कोरडा ठेवलेला बरा, असा हिशेब पहिल्या वर्षाच्या मुलीसुद्धा आठवडाभरात शिकायच्या.

एक मात्र पाणी प्यायची. तिला सगळे ‘अर्जदार’ म्हणायचे, कारण पंखा बंद पडला तरी ती कागद पुढे ओढायची. वर्षात दोनदा तिला लघवीचा संसर्ग झाला होता. डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या खेपेला चष्मा काढून सांगितलं होतं, की तिसऱ्यांदा आलीस तर दुखणं मूत्रपिंडापर्यंत जाईल. भरपूर पाणी पी आणि अडवून धरू नकोस. ती निमूट पीत राहिली, वसतिगृहावर पळत राहिली आणि हजेरी घसरत शहात्तर टक्क्यांवर आली. पंचाहत्तरच्या खाली गेली की परीक्षेला बसता येत नाही. थोडक्यात, मूत्रपिंड वाचवायचं की वर्ष, हे तिने ठरवायचं होतं. कुलूप कुणी लावलं, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

तिने विचारलं. लेखी. विभागप्रमुखांना शुद्ध भाषेचा भलता सोस. कुणी ‘डाऊट’ म्हटलं की ते कानात किडा गेल्यासारखं तोंड करत आणि ‘शंका म्हणा, शंका’ असं वदवून घेत. तिच्या पहिल्या अर्जात ‘टॉयलेट’ होतं. परकीय शब्द म्हणून अर्ज परत आला. दुसऱ्यात तिने चिडून ‘मुतारी’ लिहिलं. भाषा असभ्य म्हणून तोही परत. तिसऱ्यात ‘प्रसाधनगृह’ लिहिलं, तेव्हा सरांनी भाषेला दाद दिली आणि खाली शेरा मारला, की विभागात प्रसाधनगृह असल्याची दप्तरी नोंद आहे, सबब तक्रार निराधार. म्हणजे कागदावर संडास होता. पोरींनी तिथेच जावं.

अशात विभागात ‘विद्यार्थ्यांमधील मानवी हक्कांची जाणीव’ या विषयावर दिवसभराचा कार्यक्रम ठरला. पाहुण्या म्हणून एक निवृत्त न्यायाधीश बाई येणार होत्या. सरांचं सर्वेक्षणही होतं. तीस प्रश्न, हो किंवा नाही. अहवाल आधीच छापून तयार होता आणि त्यात ब्याण्णव टक्के विद्यार्थी जागरूक निघाले होते. आता त्यांनी येऊन तेवढं जागरूक व्हायचं बाकी होतं. हजेरी सक्तीची. मुलं मधूनच सटकू नयेत म्हणून सभागृहाच्या दाराला बाहेरून कडी, आणि कडीजवळ स्टुलावर शिपाई मामा.

पाहुण्यांना प्रश्न विचारायचे तर तेही आधी चिठ्ठीवर लिहून सरांकडे द्यायचे होते. सर त्यातले निवडणार. अर्जदाराच्या खोलीतली मैत्रीण म्हणाली, "तुझं अक्षर बघूनच फाडतील गं ते."

"अक्षर तुझं," अर्जदार म्हणाली. "शब्द त्यांच्या आवडीचे."

चिठ्ठ्या आल्या तशा सरांनी भराभर चाळल्या. वसतिगृहाच्या जेवणाची खाली गेली, शिष्यवृत्तीची खाली गेली, ‘सर, एक डाऊट आहे’ ही तर चुरगाळून खिशात गेली. एका चिठ्ठीपाशी मात्र त्यांचा चेहरा उजळला. नम्र भाषा, एकही परकीय शब्द नाही, वर छोटीशी. वेळ कमी होता. ते ध्वनिक्षेपकाशी गेले, घसा साफ केला, भाषा म्हणजे काय असते ते ऐका, असं सभागृहाला सुनावलं आणि खणखणीत वाचलं,

"विभागातील विद्यार्थिनींना गेली दोन वर्षे एक लघु शंका आहे. तिचे निरसन कोठे करावे, याबद्दल मार्गदर्शन व्हावे."

मागच्या बाकावरून नाकातून सुटल्यासारखा एक आवाज आला, आणि मग सगळं सभागृह फुटलं. पोरं बाकावर डोकी आपटत होती. सरांनी चिठ्ठी पुन्हा मनातल्या मनात वाचली, या वेळी ते दोन शब्द त्यांना जोडून दिसले, आणि कानाच्या पाळ्यांपासून लाली खाली उतरायला लागली. हा भाषेचा विनयभंग आहे, लिहिणाऱ्याने उभं राहावं, त्याला विभागातून काढण्यात येईल, असं ते म्हणाले.

हसू बंद झालं. अर्जदार उभी राहिली. आता हजेरीचा नाही, नावच कापलं जाण्याचा प्रश्न होता.

"यात चूक काय आहे, सर?" तिने विचारलं. "आधीचे तीन अर्ज तुम्ही शब्दांवरून परत केलेत. यात कुठला शब्द बदलू, तेवढं सांगा."

सरांनी चिठ्ठी पुन्हा डोळ्यांसमोर धरली. तेवढ्यात व्यासपीठावरच्या बाई आपली काठी घेऊन उठल्या.

"मलाही तीच शंका आहे," त्या म्हणाल्या. "साडेनऊपासून."

त्या थेट दारापाशी गेल्या. दार उघडेना. मानवी हक्कांवर तासभर बोललेल्या बाईंनी काठीने आतून दार ठोठावलं, तेव्हा बाहेरून मामांनी बजावलं, की कार्यक्रम संपेपर्यंत कुणाला सोडायचं नाही असा सरांचा हुकूम आहे, मुकाट्याने बसा. बाईंनी मागे वळून सरांकडे नुसतं पाहिलं. सरांनीच मग फटीला तोंड लावून कडी काढायला सांगितलं.

पोरी बाईंच्या मागे निघाल्या. कुलपासमोर सर म्हणाले, की हे तपासणी समितीसाठी स्वच्छ ठेवलंय आणि किल्ली बहुधा गहाळ आहे. मामा म्हणाले, "गहाळ कशी सर, तुमच्याच खणात आहे की, डावीकडच्या." मामा हे भोळेपणाने म्हणाले की कसं, ते मामांनाच ठाऊक.

कुलूप निघालं. आत पाय ठेवायला जागा नव्हती. जमिनीपासून खिडकीपर्यंत सुतळीने बांधलेले गठ्ठे: ‘आपले हक्क जाणून घ्या’, विद्यार्थ्यांना मोफत वाटण्यासाठी, दोन वर्षांपूर्वी छापलेल्या पुस्तिका. पोरींनी साखळी केली आणि गठ्ठे हातोहात बाहेर काढले. साखळीच्या शेवटी योगायोगाने सर उभे होते, म्हणून गठ्ठे त्यांच्या हातात येत गेले. हनुवटीपर्यंत आल्यावर त्यांनी नको म्हणून मान हलवायचा प्रयत्न केला, पण मान हलेना.

भांडं मोकळं झालं, नळाला पाणीही होतं. आता पहिलं कोण? सगळ्यांनी बाईंना वाट दिली. बाईंनी काठीने अर्जदाराकडे खूण केली.

"तीन अर्ज हिने केलेत. आधी ही."

ती आत गेली आणि लगेच पडलेल्या तोंडाने बाहेर आली. दाराला आतून कडीच नव्हती.

"जा तू," बाई म्हणाल्या, "दार मी धरते." आणि खरंच एका हातात काठी, दुसऱ्या हाताने दाराची मूठ घट्ट ओढून त्या उभ्या राहिल्या. मागे जिन्यापर्यंत रांग लागली.

गठ्ठ्यांमागून सरांचा आवाज आला, "बाई, समारोपाचं भाषण राहिलंय. सभागृह थांबलंय."

"थांबू दे," बाई म्हणाल्या. "सभागृहाला थांबता येतं."

आत नळ सुरू झाला. अर्जदाराला मुळीच घाई नव्हती.