एका रिंगची खुशाली

ट्रिंग! ओट्यावरचा फोन वाजला आणि घरातली शांतता मोडली. ती आपल्या चिमुरडीची वेणी घालत होती. हात थांबलासुद्धा नाही. नऊची रिंग, म्हणजे आईची. एकदा वाजवून ठेवायची, म्हणजे 'मी ठीक आहे'. उचलायचं नाही, असा मायलेकींचा दोन वर्षांपासूनचा ठराव. ऑफिसच्या धांदलीत बोलायला सवड कुणाला असते?

पण आज फोन थांबेना. दुसरी रिंग, तिसरी, चौथी... तिने धावत जाऊन उचलला.

"मी आरोग्य केंद्राची सिस्टर. घरोघर तपासणीला आले होते. घाबरू नका, पण लगेच या. आई चक्कर येऊन पडल्यात. शुद्धीवर आहेत."

अर्धी वेणी तशीच सोडून, चिमुरडीला कडेवर घेऊन ती आईच्या घरी धावली. वाटभर मनात नाही नाही ते येत होतं.

आई पलंगाला टेकून जमिनीवर बसली होती. कपाळावर हे एवढं टेंगूळ!

"पडले कसली? जमीनच जरा लवकर आली," आई हसली.

लेकीला हसू आलं नाही. "बस झालं, आई! आजच घराला कुलूप. माझ्याकडे चल." कपाट उघडून ती बॅगेत कपडे कोंबू लागली.

आईचा चेहरा उतरला. "माझ्या घराला कुलूप? मी धडधाकट असताना?"

सिस्टरने तोवर बिस्किटांच्या डब्यातल्या गोळ्या पलंगावर ओतल्या होत्या. "ताई, बॅग राहू द्या. हे बघा. या दोन पाकिटांवर नावं वेगळी, औषध एकच. रक्तदाबाचं. एक नेहमीच्या डॉक्टरांनी दिलेलं, दुसरं डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळचं. आई दोन्ही घेतात. मग चक्कर येणार नाही तर काय!"

लेकीने पाकिटं उचलून पाहिली. दुसरं पाकीट तिनेच आणून दिलं होतं. डब्यात आधीचं काय आहे, ते न बघता!

"कधीपासून गरगरतंय, आई?"

"झाले की पंधरा दिवस."

"आणि तरी रोज रिंग देत होतीस?"

"अगं, रिंग द्यायला उभं कुठं राहावं लागतं?"

सिस्टरने डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी एक गोळी तिथल्या तिथे बंद केली. दुपारी तपासायला येतो म्हणाले.

"डोळ्यांचा डॉक्टर डोळे बघतो, हाडांचा गुडघे. अख्खी आई कोण बघतं?" सिस्टर म्हणाली. "घर बदलून काय होणार होतं? हा डबा तुमच्याकडेही असाच आला असता!"

"मग करू काय मी?" लेकीने विचारलं.

"सगळ्या औषधांचा एकच कागद करू. बाथरूममध्ये धरायला दांडा. समोरच्या शिंपीणकाकूंकडे एक किल्ली. मी आठवड्याला येईनच. आणि तुम्ही, ताई... नुसत्या रिंगवर विसंबू नका."

लेकीने बॅगेतले कपडे एकेक करून परत कपाटात ठेवले.

"घडी नीट घाल. धसमुसळी ती धसमुसळीच!" आई म्हणाली. आवाजात जीव परतला होता.

मंडळी, एकटं राहणारं आपलं माणूस 'ठीक आहे' म्हणतं, ते पुष्कळदा आपल्या घाईची कीव येऊन! त्याला घर सोडायला लावू नका. त्या घरात जा, औषधांचा डबा उघडा, शेजाऱ्यांना आणि आरोग्य केंद्राला हाताशी धरा. म्हातारपण सांभाळणं हे एकट्या लेकीचं काम नव्हे, अख्ख्या गल्लीचं आहे.

राहिलेली अर्धी वेणी आता आजी घालत होती. मान न हलवता चिमुरडीने विचारलं, "आई, आजीचा फोन रोज वाजायचा ना? मग तू उचलायची का नाहीस?"