शनिवारची बस

१९५१ साली विल्फ ऑर्मरॉड चौतीस वर्षांचा होता आणि त्याचा गुडघा साठीचा. आज गोल झाला नाही, तर फुटबॉल संघातली जागा जाणार होती. बूट पिशवीत घेऊन तो बसच्या रांगेत उभा राहिला. बसमध्ये एकच जागा उरली होती आणि पुढे दर सामना बघायला येणारे म्हातारे क्लेग होते.

"काका, मला चढू द्या. तीनला खेळायचंय."

"मला तुला शिव्या घालायच्यात," क्लेग म्हणाले. "त्याही तीनलाच सुरू होतात."

विल्फला ते पटलं. तो दीड मैल चढ लंगडत गेला. पोचला तेव्हा त्याचा संघ दहाच जणांनिशी दोन गोलांनी पुढे होता.

"आलास?" मॅनेजर म्हणाला. "बस जरा. घाई नाही."

विल्फ बसला. गुडघ्याला फार बरं वाटलं.