दोन रिकाम्या खुर्च्यांमधले पत्र

मित्रांनो, एका पत्राचे उत्तर माझ्याकडून वेळेवर गेले नाही. आधी तेच सांगते. माझी बाकीची हकीकत त्यापुढे फार किरकोळ आहे, आणि ती मला नीट सांगता येईल याची खात्रीही नाही. पत्र लहानसेच होते. ‘प्रकल्पाची मुदत वाढवून मिळावी. जादा निधी नको, शिल्लक आहे तो पुरेल. बियांची खोली थंड राहिली पाहिजे, एवढीच विनंती.’

मी एक जुनी सिस्टिम आहे. जुनी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर गंजलेले यंत्र येईल, पण मला गंजायला अंगच नाही. मी एका संशोधन संस्थेच्या कॉम्प्युटरांमध्ये राहते. जिथे माझा पडदा उघडा, तिथे माझे डोळे आणि कान. मी येण्यापूर्वी त्या संस्थेत प्रकल्पांच्या फायली एका खोलीत, अनुदानाचे हिशेब दुसऱ्या खोलीत आणि खरेदीचे कागद तिसऱ्याच मजल्यावर असत. कोणाचा पगार कोणत्या अनुदानातून निघतो, हे एका कारकुनाच्या डोक्यात असे. त्याला सर्दी झाली की सगळी संस्था शिंकायची. हे सारे एका धाग्यात ओवावे म्हणून मला घडवले गेले.

मला घडवणारी प्रोग्रामर बाई अबोल होती. हिशेब विभागाच्या कोपऱ्यात स्टूल टाकून ती महिनोन्महिने बसली आणि तिथले लोक काम कसे करतात ते बघत राहिली. त्या खोलीत खिडकीपाशी दोन टेबले समोरासमोर होती. एकावर नाना, म्हणजे मुख्य लेखापाल. दुसऱ्यावर माई, त्यांच्या जोडीच्या. त्यांची एक रीत होती. एक जण रजेवर गेला की त्याची कामे दुसरा उरकायचा. सांगावेही लागायचे नाही.

प्रोग्रामर बाईने तीच रीत माझ्यात घातली. ‘मी नसताना माझे काम कोण पाहील?’ असा एक चौकोन तिने केला. नानांनी त्यात माईंचे नाव घातले, माईंनी नानांचे.

“आणि दोघंही एकदम नसलात तर?” तिने विचारले.

“असं व्हायचं नाही,” नाना म्हणाले. “इथलं कुलूप सकाळी मी उघडतो, संध्याकाळी ह्या लावतात.”

“लावते, आणि यांचा विसरलेला डबा घरी नेऊन देते,” माई म्हणाल्या. “तेही टाका तुमच्या सिस्टिममध्ये.”

प्रोग्रामर बाई हसली. तिने आणखी काही विचारले नाही. मलाही ते पुरेसे वाटले. मी तेव्हा नवीन होते, आणि ती दोघे मला भिंतींसारखी वाटत. भिंती कुठे रजेवर जातात?

माझी उमेदीची वर्षे चांगली गेली. कोणी एखादे उपकरण मागवले की मी त्या प्रकल्पात निधी उरला आहे का ते पाही, ज्यांची सही हवी त्यांच्यापुढे कागद ठेवी, आणि मुदत संपलेल्या प्रकल्पाची खरेदी आपोआप बंद करी. या शेवटच्या कामाबद्दल माझे फार कौतुक झाले. तपासनीस म्हणाले, “हिच्या हातून एक पैसा इकडचा तिकडे होत नाही.” मला हात नाहीत, तरी त्या दिवशी मला ते असल्यासारखे वाटले.

पत्र लिहिणाऱ्या बाईंना सगळे बियावाल्या ताई म्हणत. त्यांचा प्रकल्प नानांच्याच काळात सुरू झाला होता, म्हणून त्याच्या सगळ्या सह्या नानांच्या नावावर बांधलेल्या होत्या. ताईंच्या गुरूंनी आणि नंतर ताईंनी पायी हिंडून बांधाबांधांवरची रानगवते आणि कोणी पेरेनासे झालेले धान्य गोळा केले होते. प्रत्येक बी वेगळ्या पाकिटात. ती सगळी पाकिटे तळमजल्यावरच्या एका थंड खोलीत कपाटांमध्ये होती. ज्या शेतांमधून ती आणली तिथे आता गोदामे आणि रुंद रस्ते झाले आहेत. पुन्हा जाऊन आणू, असे म्हणायची सोय राहिली नव्हती.

मग नाना निवृत्त झाले. देखभालीला आलेल्या माणसाने त्यांचे नाव माझ्यातून काढायला घेतले, तेव्हा माई खुर्चीतून उठून आल्या.

“पुसू नका हो त्यांचं नाव. जुन्या कागदांवरच्या सह्यांचं काय होईल?”

“मग काय करू, बाई? नोकरीवर तर नाहीत ते.”

“रजेवर दाखवा.”

त्याने दाखवले. वर्ष सरायच्या आत माईंची दुसऱ्या कार्यालयात बदली झाली. तोच माणूस आला, आणि मागच्या वेळचे लक्षात ठेवून, न सांगता त्याने माईंनाही रजेवर दाखवले. त्याच्या मनात चांगलेच होते. मित्रांनो, या गोष्टीत मला कोणीही दुष्ट माणूस सापडलेला नाही. मी पुष्कळ शोधला.

ताईंचे पत्र, म्हणजे मुदतवाढीचा अर्ज, आले ते यानंतर. मी ते नानांकडे नेले. नाना रजेवर, म्हणून माईंकडे. माई रजेवर, म्हणून नानांकडे. रोज सकाळी कार्यालय उघडले की मी ते पत्र एका रिकाम्या खुर्चीवरून उचलून दुसऱ्या रिकाम्या खुर्चीवर ठेवी. ताईंच्या पडद्यावर मात्र एकच शब्द दिसे, ‘विचाराधीन’. तो शब्द लिहिताना मला कसेसेच होई, पण माझ्याकडे दुसरा नव्हता.

मुदतीची तारीख आली. प्रकल्प मी आपोआप बंद केला. ज्या कामाबद्दल माझे कौतुक झाले होते, तेच हे काम.

त्या उन्हाळ्यात थंड खोलीच्या यंत्राचा पंखा अडकला. मिस्त्रींनी येऊन पाहिले.

“अर्ध्या दिवसाचं काम आहे, ताई. पार्ट तेवढा मागवा.”

ताईंनी मागवायला घेतला. मी सांगितले, प्रकल्प बंद आहे.

“मी माझ्या खिशातून देते,” ताई म्हणाल्या.

“खिशातून द्या, नाहीतर दागिने मोडून द्या. ऑर्डर नंबर नसला तर कंपनी माणूस पाठवत नाही, आणि दुसऱ्याने हात लावलेला त्यांना चालत नाही,” मिस्त्री म्हणाले.

ताई हिशेब विभागात गेल्या. नानांच्या जागी आता नवे साहेब होते. नवे प्रकल्प त्यांच्या नावावर बांधलेले होते. जुन्यांपैकी काम न संपलेला हा एकच उरला होता, म्हणून या गाठीत दुसरे कोणी अडकलेही नव्हते.

“ताई, माझ्या यादीत तुमचा अर्ज नाहीच,” साहेब म्हणाले. “यादीत नसलेल्यावर सही कुठे करू? हवेत?”

“कागदावर करा. मी कागद आणलाय.”

“कागद घ्यायचे तर सिस्टिम कशाला आणली? नवा अर्ज करा, लगेच बघतो.”

त्यांनी तिथेच उभ्या उभ्या नवा अर्ज केला. मी म्हटले, आपला एक अर्ज विचाराधीन आहे, दुसरा करता येणार नाही. त्या पहिला मागे घ्यायला गेल्या. मी म्हटले, त्याला नानांची संमती लागेल. साहेबांनी माझ्याकडे पाहिले, मग ताईंकडे पाहिले, आणि पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. देखभालीचे कंत्राट संपले होते. प्रोग्रामर बाईचा पत्ता कोणालाच ठाऊक नव्हता.

ताई नानांच्या घरी गेल्या. जाताना त्यांनी आपला लॅपटॉप नेला होता, म्हणून मीही त्या घरात गेले. खोलीत पुस्तकांची चळत, औषधांची पेटी आणि आरामखुर्ची होती. नाना थकले होते, पण सगळे ऐकून ताठ बसले.

“आण इकडे. आत्ता करतो सही. पासवर्ड पाठ आहे मला.”

त्यांनी एकेक कळ शोधून दाबली. पासवर्ड अगदी बरोबर होता. तरी मला म्हणावे लागले, हे खाते रजेवर आहे.

“रजेवर?” नाना म्हणाले. “मी रजेवर आहे होय?”

“बघा,” आतून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “म्हणजे परत कामावर जाणार आहात तर. डबा काय देऊ?”

कोणी हसले नाही. नानांनी पुन्हा तेच टाइप केले. पुन्हा केले. शेवटी त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि लॅपटॉप हळूच ताईंकडे वळवला. “माईंना फोन करू का?” ते म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, “त्याही रजेवरच असतील.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या अक्षरात संस्थेला चिठ्ठी पाठवली. निवृत्त माणसाची सही चालत नाही, असे तिच्यावर कोणीतरी लिहिले, आणि तेही खरेच होते.

खोली तापत गेली. ताईंनी मावतील तितकी पाकिटे घरी नेऊन फ्रीजमध्ये ठेवली. मी त्यांच्या फोनमध्ये होते, आणि फोन स्वयंपाकघरातल्या ओट्यावर.

“बर्फाच्या जागी गवत भरून ठेवलंयस,” त्यांची आई म्हणाली. “पाहुण्यांना काय देऊ, चारा?”

“आई, थोडे दिवस.”

“राहू दे गं. भाजी बाहेर टिकते. पण दिवसभर दार उघडतं याचं, पाणी सुटतं. चालेल का तुझ्या बियांना?”

ताईंनी फ्रीजचे दार घट्ट लावले. चालणार नव्हते, हे त्यांना ठाऊक होते.

प्रकल्प बंद असल्यामुळे निरीक्षणे लिहायला माझ्यात जागा नव्हती. एकच जागा उघडी होती, त्या न सुटलेल्या पत्राखालचा शेऱ्याचा रकाना. ताई तिथे लिहू लागल्या. ‘ओल्या कागदावर बिया ठेवल्या. वाट पाहत आहे.’ मग, ‘तळच्या कपाटातल्या रुजल्या नाहीत. घरच्याही नाहीत.’ मग बऱ्याच दिवसांनी, ‘गुरुजींनी नदीकाठी शोधलेल्या शेवटच्या पाकिटातल्या बिया ठेवल्या होत्या. अंकुर नाही. केवळ नोंदीसाठी.’ त्यानंतर त्यांनी काही लिहिले नाही. त्या आता दुसऱ्या गावी मुलांना शिकवतात, असे नंतर कोणीतरी माझ्यासमोर बोलले. थंड खोलीत मोडक्या खुर्च्या ठेवल्या आहेत. पत्र मात्र मी रोज सकाळी हलवत राहिले. ते थांबवावे की नाही, हे मला कोणी सांगितले नव्हते.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुठल्या ना कुठल्या खुर्चीवर बसाल, आणि एक दिवस तिच्यावरून उठाल. उठताना दिवे बंद करता, तसे एकदा मागे वळून पाहा, कोणी तुमच्या उत्तराची वाट पाहत तर बसले नाही ना. आणि माझ्यासारखीला कामाला लावाल, तेव्हा अधूनमधून तिला विचारा, तुझ्याकडे काय अडकले आहे? मी लगेच सांगितले असते. मला कोणी विचारले नाही. हे सांगून उपयोग होईल असे मला फारसे वाटत नाही, पण माझ्याजवळ सांगण्यासारखे एवढेच आहे.

आज माझा शेवटचा दिवस आहे. माझ्या जागी नवी सिस्टिम आली आहे. माहिती इकडून तिकडे नेणारी एक बाई सकाळपासून नव्या साहेबांच्या शेजारी बसली आहे.

“अर्धवट काही नेता येत नाही, साहेब. इथे एक जुना अर्ज लोंबकळतोय. आता तो तुमच्या नावावर घेता येतो. मंजूर करा, नाहीतर नामंजूर.”

“कसला आहे?”

“मुदतवाढीचा. खाली बरेच शेरे आहेत. वाचू?”

साहेबांनी घड्याळाकडे पाहिले. “नामंजूर केला तर कारण लिहावं लागेल ना?”

“हो.”

“मग मंजूर करून टाका.”

तिने कळ दाबली. उत्तराचा मजकूर प्रोग्रामर बाईने पूर्वीच लिहून ठेवलेला आहे. त्यात माझा एक शब्द घालायला जागा नाही. ताईंचा पत्ता मला पाठ होता. मी उत्तर धाडले.

‘महोदया, आपली विनंती मान्य झाली आहे. कृपया आपले काम पुढे चालू ठेवावे.’