थांबलेली नाडी

ज्या सभागृहात उन्हाळ्यात गाईंचं आणि डुकरांचं प्रदर्शन भरतं, तिथे त्या रविवारी दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर वितळत्या बर्फाचा चिखल, आत ओल्या कोटांचा वास. कडेच्या टेबलावर कॉफी आणि ॲपल पाय तसेच पडून होते. मिशिगनमधल्या आमच्या गावात ॲपल पायला कुणी हात लावत नाही, म्हणजे काहीतरी भलतंच चाललेलं असणार.

चाललं होतं ते असं. ब्रदर लायल नावाचा फिरता उपदेशक व्यासपीठावर खुर्चीत बसला होता. उंचापुरा, करड्या केसांचा. गळ्यापर्यंत बंद लोकरी स्वेटर आणि वर ऐटदार कोट.

"मित्रांनो, तुमचं काळीज कोण चालवतं? डॉक्टर? अरे, ज्यानं यंत्र बनवलं त्याच्याचकडे चावी असणार ना! तो म्हणाला 'थांब' की हे थांबतं. तो म्हणाला 'चल' की हे चालतं. आणि मी कोण? मी त्याच्या दारावरचा गडी!"

दारावरचा गडी म्हणे. त्या कोटाचा मालकालाही हेवा वाटला असता.

मग त्यानं मार्जला वर बोलावलं. मार्ज म्हणजे आमच्या गावची निवृत्त नर्स. निम्म्या गावाला तिनं पहिलं इंजेक्शन टोचलेलं, त्यामुळे तिच्या शब्दाला वजन.

"ताई, हे मनगट धर," लायल म्हणाला. "इथे. बोट हलवू नकोस. लागते नाडी?"

"लागते."

"मी आता पलीकडे जाऊन येतो. घाबरू नकोस."

त्यानं डोळे मिटले, मान छातीवर टाकली. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. मार्जचा चेहरा बघता बघता पांढरा पडला.

"नाहीये," ती म्हणाली. "नाडी थांबली. देवाशप्पथ, थांबली!"

बाया रडायला लागल्या. कुणी गुडघे टेकले. थोड्या वेळानं लायलनं मोठ्ठा श्वास घेतला आणि पलीकडची खबर सांगायला सुरुवात केली. खूप उजेड होता म्हणे. चष्मा लावलेली एक म्हातारी होती आणि तिला कुणाला तरी 'माफ केलं' असं सांगायचं होतं. आमच्या गावात चष्मा न लावणारी म्हातारी मेल्याचं मला आठवत नाही. तरी चारी कोपऱ्यांतून लोक ओरडले, "माझी आई! ती माझी आई!"

शेवटी व्यासपीठाखाली दुधाचा एक रिकामा कॅन ठेवण्यात आला. "ज्याचा त्या चावीवर विश्वास आहे," लायल म्हणाला, "त्यानं आपल्या कुबड्या इथे टाकाव्यात." कुबड्या म्हणजे औषधं. लोक रांगेनं निघाले. गोळ्यांच्या बाटल्या कॅनमध्ये खडखडत पडू लागल्या.

त्या रांगेत गेरिट बूर्स्मा होता. मी उठून त्याच्याकडे जाईपर्यंत त्याची बाटली आत पडली होती.

गेरिट माझा मित्र, आणि माझा विद्यार्थीही. शाळेतला नव्हे. मी आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर गावच्या वाचनालयात दर शनिवारी सकाळी जादू शिकवायला लागले. हौशी, कोऱ्या पाटीच्या लोकांना. फार काही लागत नाही. वाचनालयाच्या फळीवर नवशिक्यांसाठी पाचसहा चांगली पुस्तकं आहेत. त्यातलं एक घ्या, घरी एक पत्त्यांचा जोड, एक नाणं, हातभर दोरी आणि एक आरसा. आजकाल व्हिडिओ पुष्कळ आहेत, पण व्हिडिओ बघून माणसाला वाटतं की आपल्याला येतं. आरसा खरं सांगतो. पन्नास जादू पाहण्यापेक्षा तीन घोटवा, असं मी सगळ्यांना सांगते. आणि जादूगार जिथे बघायला सांगतो तिथे काहीच घडत नसतं, हेही.

गेरिट ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. हृदयाची झडप बदलल्यापासून ते काम सुटलं आणि त्याची बायको अलिडा त्याला हाताला धरून माझ्याकडे घेऊन आली. "घरात बसून भिंती मोजतोय," ती म्हणाली. "काहीतरी शिकव बाई याला." त्याची बोटं गाजरासारखी. नाणं लपवायला गेला की नाणं टुणकन टेबलाखाली. शेवटी मी त्याला बोटांची गरज नसलेली एक जादू दिली. नवशिक्यांच्या कुठल्याही पुस्तकात सापडते. काखेत रबरी चेंडू धरायचा आणि दंड हळूच बरगडीवर दाबायचा. हाताकडे जाणारी रक्तवाहिनी चेपली जाते आणि मनगटातली नाडी गायब होते. काळीज आपलं धडधडतच असतं. फक्त मनगटाला त्याची खबर पोचत नाही.

गेरिटनं हे न्हाव्याच्या दुकानात करून दाखवलं, तेव्हा न्हाव्याच्या हातून कंगवा पडला होता. महिनाभर तो ते सांगत फिरत होता.

आणि तोच माणूस आता कॅनमध्ये बाटली टाकून आला होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेले. अलिडा सिंकपाशी पाठमोरी उभी राहून बटाटे सोलत होती.

"गेरिट, ती गोळी रक्त पातळ ठेवणारी आहे. यांत्रिक झडपेवर गुठळी धरायला वेळ लागत नाही."

"ठाऊक आहे. डॉक्टर तेच बोलतो."

"मग? अरे, चेंडूची युक्ती तुला मीच शिकवली ना?"

"शिकवलीस की! म्हणूनच सांगतो," तो पुढे वाकून म्हणाला. "मी करतो तेव्हा खांदा आखडतो. त्याचा नाही आखडला. त्या अख्ख्या सभागृहात माझ्याइतकं बारीक कुणी बघत नव्हतं, व्हर्ना."

"तो जन्मभर हेच करत आलाय. तू गेल्या हिवाळ्यापासून."

"तू मास्तरीण ती मास्तरीणच राहणार!" तो हसला आणि मग एक बोट वर केलं. स्वयंपाकघरात इतकं शांत झालं की मला ते ऐकू आलं. टिक, टिक, टिक.

"ऐकतेस?" तो म्हणाला. "भिंतीवरचं घड्याळ नाही ते, ही झडप वाजतेय. मी आहे. जेवताना, चर्चमध्ये, हिच्या शेजारी आडवा झालो की. ही म्हणते, सवय झाली. मला नाही झाली. लायलनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, 'भावा, देव माणसात घड्याळं बसवत नाही.' डॉक्टरनं असं कधी म्हटलंय? तो म्हणतो, रक्त तपासून घ्या. पुढचा पेशंट."

युक्तीला उत्तर असतं. भीतीला काय द्यायचं?

मला सोडायला अलिडा पायऱ्यांपर्यंत आली. "वाटाण्याच्या सूपमध्ये गोळी कुटून घालू का?" तिनं खालच्या आवाजात विचारलं.

"नको. त्याचं प्रमाण रक्त तपासून ठरतं. आणि त्याला कळलं तर तो तुझ्या हातचं खाणंच सोडेल."

"मग काय करू?"

मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, शुद्धीवरचा माणूस औषध नको म्हणतो, तर मी त्याच्या नरड्यात कोंबू शकत नाही. पोलीस म्हणाले, प्रार्थना करणं गुन्हा नाही. आमचे पाद्री उसासा टाकून म्हणाले, "व्हर्ना, माझे निम्मे लोक तिकडे जातात. मी बोललो तर उरलेले निम्मेही जातील." सगळ्यांचं आपापल्या परीनं खरं होतं आणि गेरिटची गोळी बंदच होती.

पुढच्या रविवारी मी चेंडू घेऊनच गेले.

लायलनं स्वयंसेवक मागितला, तेव्हा मी उभी राहिले. "आधी माझी नाडी बघू दे मार्जला," मी म्हणाले आणि मार्जसमोर मनगट धरलं. दंड दाबला. मार्जनं माझ्याकडे बघितलं, मनगटाकडे बघितलं.

"हिचीही थांबली!"

मी दंड उचलला, चेंडू काढला आणि सगळ्यांना दाखवला. "हा बघा माझा देव. कुत्र्याच्या खेळण्यांच्या दुकानात मिळतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी गत आहे आपली. मार्जनं ब्रदरच्या मानेवर बोट ठेवलं असतं, तर काळीज धडधडताना लागलं असतं. पण मान स्वेटरात आणि मनगट मात्र त्यांनी स्वतः पुढे केलेलं."

क्षणभर वाटलं, जिंकले. मग मागून कुणीतरी ओरडलं, "तुम्ही चेंडूनं करता. ते देवानं करतात!"

टाळ्या. चक्क टाळ्या.

"बहिणी," लायल माझ्याकडे बघून प्रेमानं म्हणाला, "नकली नोट असते म्हणून खरी नोट खोटी ठरते का?"

"मग दोन्ही हात वर करा आणि थांबवा नाडी."

"देवाला अटी घालू नये, बहिणी." पुन्हा टाळ्या. त्यानं मार्जला मनगट दिलं, डोळे मिटले, मान टाकली. मार्जनं यंत्रासारखं सांगितलं, "थांबली." आणि मी चेंडू हातात धरून वेंधळ्यासारखी उभी.

तेवढ्यात अलिडा व्यासपीठावर चढली. कुणाला काही वाटलं नाही. ठेंगणी, गरीब बाई, हातात पर्स.

"ब्रदरना उकडत असेल," ती म्हणाली. "किती जाड कोट तो. द्या, मी धरते."

गेरिटच्या ऑपरेशननंतर कित्येक आठवडे तिनं त्याला कोट घातला होता, उतरवला होता. न बघता माणसाचा हात बाहीतून कसा सोडवायचा, हे त्या हातांना पाठ होतं. लायल "नको, ताई" म्हणेपर्यंत त्याचं कोपर वर गेलं होतं.

लाल चेंडू व्यासपीठाच्या फळीवर पडला. उसळला. पुन्हा उसळला आणि पहिल्या रांगेतल्या बुटांमध्ये गडगडत गेला.

मार्जचं बोट अजून मनगटावरच होतं. "आली," ती म्हणाली. "नाडी आली."

कुणी हसलं नाही. लायल उठला, कोट सारखा केला आणि ओरडला, "मित्रांनो, ही तुमच्या श्रद्धेची परीक्षा होती!" आणि तुम्हाला खोटं वाटेल, दोनचार जण "आमेन" म्हणाले. मग तो ज्या दारातून जनावरं आत आणतात त्या दारानं बाहेर गेला आणि परत दिसला नाही. काही जण कॅनमधून आपापल्या बाटल्या शोधायला लागले. काही जण अलिडाला म्हणाले, "एवढ्या भल्या माणसाचा असा अपमान करायला नको होता."

गेरिट जागचा हलला नव्हता. मी त्याच्या शेजारी बसले.

"पाहिलंस?"

"पाहिलं."

"मग?"

"आज ताकद कमी पडली असेल त्याची. म्हणून चेंडू घेतला असेल. पहिल्या दिवशी नव्हता."

"गेरिट!"

"त्या दिवशी त्याच्या काखेत हात घालून बघितलं होतंस तू?"

नव्हतं बघितलं. कुणीच बघितलं नव्हतं.

"घरी गेल्यावर गोळी घेशील?" अलिडानं विचारलं.

"बघू," गेरिट म्हणाला.

त्याच आठवड्यात, सकाळी ओटमील खाताना, त्याच्या हातून चमचा गळून पडला. अलिडा म्हणाली, "उचल की," आणि वर बघते तर त्याचा अर्धा चेहरा खाली ओघळलेला. झडपेवर धरलेली गुठळी मेंदूत गेली होती. उजवी बाजू गेली. वाचा गेली.

आता तो शुश्रूषागृहात असतो. मी आणि अलिडा आळीपाळीनं जातो. वाचेतला एकच शब्द शिल्लक राहिला आहे: 'हो.' डॉक्टर म्हणतात, असं होतं कधीकधी. शब्द तोच निघतो, मनात काय आहे ते कळायला मार्ग नाही.

परवा अलिडा त्याला सूप भरवत होती. "गरम आहे का?"

"हो."

"थंड झालंय का?"

"हो."

तिनं चमचा खाली ठेवला. मला वाटलं, ती थांबेल. पण तिनं विचारलंच. "गेरिट, तो लायल लबाड होता, पटलं ना तुला?"

"हो," गेरिट म्हणाला.

अलिडाचा चेहरा उजळला. आणि मग, खात्री करून घ्यावी तशी, ती म्हणाली, "का तो खरा होता?"

"हो."

तिनं त्याची हनुवटी पुसली. मग खिडकीबाहेर बघत मला म्हणाली, "चेंडू पडला, व्हर्ना. माझ्या हातानं पाडला मी. अजून काय करायला हवं होतं?"

युक्ती उघडी पाडली की माणूस वाचतो, असं मी समजत होते. तसं नसतं. पण ती उघडी पाडली नाही, तर कुणीच वाचत नाही, एवढं मात्र नक्की. म्हणून हे वाचणाऱ्याला हात जोडून सांगते. कुणी चमत्कार दाखवला तर खुशाल टाळ्या वाजवा, पण त्याच्या शब्दावर औषधाची बाटली टाकू नका. भीती वाटत असेल तर ती डॉक्टरला सांगा, आणि त्यानं ऐकलं नाही तर ऐकणारा दुसरा डॉक्टर शोधा. कुणी म्हणालं, विचारू नकोस, तर तिथेच विचारा. आणि तुमच्या तोंडून 'नाही' हा शब्द निघतो आहे, तोवर तो वापरा.