काचेमागे दुमडलेले नाव

मी मॅटीच्या कापडाचा एक जुना तुकडा आहे. तळवड्यातल्या एका घरी, बाहेरच्या खोलीत, काचेच्या चौकटीत माझा मुक्काम आहे. येणारे-जाणारे माझ्यावरची फुले वाखाणतात. मित्रांनो, त्यांना दिसतो तो मी पूर्ण नव्हे.

चिंचवडच्या बाजारातून मला मंजुळेने आणले. तिचे वडील ज्योतीराम साताऱ्याकडून पिंपरीच्या नव्या औषध कारखान्यात नोकरीला आले होते. घरी आई आणि धाकटी सावित्री. मंजुळेच्या चेहऱ्यावर लहानपणी आलेल्या देवीचे व्रण होते. पाहुणे येत, पोहे खात आणि 'कळवतो' म्हणून निघून जात.

"माझ्या लेकीचं तोंड नका बघू, हात बघा म्हणावं," आई म्हणे. म्हणून मंजुळेने सुई हाती घेतली.

माझी वीण चौकोनी घरांची. त्या घरांतून दोऱ्याची फुली भरायची. सगळ्या फुल्यांचा वरचा टाका एकाच अंगाला झुकला पाहिजे. एखादा उलट पडला, तर दोऱ्यावरचा उजेड मोडतो आणि फूल मळकट दिसते. मंजुळेकडे नमुन्यांचे पुस्तक नव्हते. त्या त्या ऋतूचे फूल समोर ठेवून ती घरे मोजी. फाल्गुनात पळस, श्रावणात तेरडा, दसऱ्याला झेंडू, थंडीत शेवंती. असे माझे चारही कोपरे फुलले. पळसाला नुसता केशरी दोरा पुरत नाही, पाकळीच्या कडेला तांबडा लागतो, हे तिला पुनःपुन्हा उसवूनच कळले. शेवटी खालच्या कडेला तिने बारीक अक्षरांत 'मंजुळा' असे भरले.

मला पुरे कसे करायचे, तेही तिने ठरवले होते. "कडेचे दोरे ओढून झालर करीन, आणि माझ्या घरी टेबलावर अंथरीन."

"अक्का, टेबल कुठाय तुझ्याकडं?" सावित्री चिडवी.

"आधी झालर, मग टेबल, मग टेबलवाला!"

दोघी पोट धरून हसत.

मग तळवड्याहून गवराबाई आपल्या मुलासाठी सावित्रीला पाहायला आल्या. थोरलीसाठी धाकटीला आणखी थांबवायचे नाही, असे घरात ठरले होते. गवराबाईंना अक्षरओळख नव्हती. मला हातात घेऊन त्यांनी विचारले, "ह्ये कुणी भरलं वो?"

आई म्हणाली, "सावित्रीनं."

आत पोहे वाढणारा मंजुळेचा हात जागीच राहिला.

"मग ह्ये रुखवतात पायजे. काचंत बसवून!"

लग्न ठरले. वधूच्या हातचे काम म्हणून रुखवतात मी मांडला जाणार, आणि वाचता येणारे चार लोक तिथे असणार. आई चाचरत म्हणाली, "मंजे, तेवढं नाव... तू दुसरं कापड भरशील गं. हिचं जमलेलं मोडलं तर?"

"अक्का, मी सांगू त्यांना खरं?" सावित्रीने विचारले.

"गप बस. हसून सासरी जा."

मंजुळेने मला कापले नाही. नावाची पट्टी तिने मागे दुमडली, चार टाक्यांनी टाचली आणि वर, पळसाच्याच तांबड्या दोऱ्याने, 'सावित्री' असे भरले. तिचा एकही टाका उलट पडला नाही. चौकटवाल्याने पाठीला पुठ्ठा लावून खिळे ठोकले. झालर राहिली ती राहिलीच. दुसरे कापड तिने कधी आणले नाही.

एका संक्रांतीला ती बहिणीकडे हळदी-कुंकवाला आली. शेजारच्या छबूबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "सावित्रीच्या हाताला तोड न्हाई बघा. तुमाला येतं का वो असं काई?"

सासू समोरच बसली होती. सावित्री खाली मान घालून तिळगूळ वाटत राहिली.

"न्हाई बाई," मंजुळा म्हणाली, "मला न्हाई जमत."

बायका गेल्यावर ती माझ्यापाशी आली. काचेच्या खालच्या कडेवरून, बरोबर घडी आहे तिथून, तिने एकदा बोट फिरवले. त्यानंतर ती या घरी आलेली मी पाहिली नाही.

मित्रांनो, कापडाला कसर लागते, रंग उडतात; त्याचे मला दुःख नाही. माझी काच पुसली नाही तरी चालेल. फक्त कधी मला भिंतीवरून उतरवाल, तर पाठीचे खिळे हलक्या हाताने काढा. ते चार टाके उसवा, घडी उलगडा, आणि तिथे जे नाव आहे ते एकदा मोठ्याने वाचा. या घरात माझ्याकडे बघून ते अजून कोणी उच्चारलेले नाही.