कडू घासाचा डबा

जळकोटच्या स्टँडमागं आमची खानावळ होती, तेव्हा शेजारी अण्णारावची आणि समोर आणखी दोन. एकानं थाळीचा भाव उतरवला की दुसरा त्याच्याही खाली जायचा. भाजीतलं तेल कमी होत होत शेवटी नुसतं तिखट पाणी उरलं. मग माझे यजमान नांदेडला कुठल्याशा व्यवसाय शिबिराला जाऊन आले आणि त्यांच्या अंगात वारंच शिरलं. "दुसऱ्याच्या गिऱ्हाइकावर डोळा ठेवायचाच न्हाई. जिथं कुणीच दुकान मांडलं न्हाई, तिथं मांडायचं." जेवताना तेच, आंघोळीला जाताना तेच.

अशी जागा त्यांना सापडलीसुद्धा. मयताचं घर.

आमच्याकडं मयताच्या घरात तिसऱ्या दिवसापर्यंत चूल पेटत नाही. भावकी टोपलीत पिठलं-भाकरी घेऊन जाते, जवळ बसते, नको नको म्हणणाऱ्याला पहिला घास हातानं भरवते. तो कडू घास. पण आता अर्धी भावकी पुण्यात, आणि गावातल्या सुनांनाही नोकऱ्या. ह्यांनी खानावळ मोडली आणि घरातूनच डबे सुरू केले. एक फोन केला की पिठलं-भाकरी, ठेचा मयताच्या दारात हजर. वर्षभरात आसपासच्या गावांत टोपली घेऊन जाणंच बंद पडलं. "माझ्यासंगं टक्कर द्यायला कुणीच न्हाई," हे चारचौघांत सांगायचे. भाकऱ्या मात्र मी थापायच्या.

माझ्या सासूबाईंना, कावेरीबाईंना, हे कधीच पटलं नाही. गावात कुणाचंही मयत असो, त्या टोपली घेऊन डब्याच्या आधी जायच्या.

"आरं, भाकरीसंगं माणूस बी जातंय की. तुझ्या डब्याजवळ कोण बसणार हाय?"

"आई, डबा येळंवर जातोय, ते बघ की."

गेल्या पौषात सासूबाई गेल्या. पहाटे पाणी मागितलं आणि संपलं. सगळा गाव जमला, माती झाली, आंघोळी झाल्या आणि जो तो आपापल्या घरी गेला. दिवस मावळला तरी आमच्या दारात एक टोपली आली नाही. ह्यांच्या घरी काय कमी, असंच प्रत्येकाला वाटलं असणार.

तेवढ्यात नांदेडहून चुलत दीर दयानंदांचा फोन आला.

"दादा, लई वाईट झालं. मला सुट्टी मिळंना. वीस माणसाचा डबा पाठव, पैसे टाकतो."

"कुणाच्या घरी?" ह्यांच्या तोंडून सवयीनं गेलं.

"आपल्याच की, दादा."

ह्यांनी फोन खाली ठेवला. मग मान खाली घालून अण्णारावला फोन लावला, चार भाकऱ्या तरी पाठव म्हणाले.

"वाईट वाटून घिऊ नको, शिवशंकर. मयताचं आमच्याकडं करत न्हाईत, गिऱ्हाईक बिचकतंय. ती तुझीच लाईन हाय."

आमची वर्षाराणी सकाळपासून उपाशी होती, रडून रडून भिंतीशी झोपली होती. तिकडं सासूबाईंची राख अजून ऊन असेल. मी उठले आणि गॅस पेटवला.

"पेटवू नको," हे म्हणाले.

"मग कोण पेटवणार हाय? सांगा की!" मी ओरडलेच. संताप ह्यांच्यावर होता, भावकीवर होता. जिनं गावभर घास भरवले, तिच्या लेकाच्या घरी भाकरी घेऊन येणारं एक माणूस नसावं?

पिठलं केलं, भाकरी केली. पोरीला उठवून खाऊ घातलं. मग ह्यांच्या तोंडापुढं घास धरला. त्यांनी तोंड उघडलं नाही. कसं उघडतील? कडू घास भरवायला घराबाहेरचं माणूस लागतं, आणि मी घरचीच. सकाळपासून मलाही कुणी जेव म्हणालं नव्हतं. तो घास ताटात ठेवला आणि दिवसभरात पहिल्यांदा मला रडू फुटलं.