आवाज बंद करून

चष्मेवाल्याला बसवत नव्हतं. खुर्चीला टेकला की पाय हलायचे, पाय आवरले की बोटं. शेवटी तो उठून प्रोजेक्टरपुढे येरझाऱ्या घालू लागला.

"अहो, बसा की! पडद्यावर तुमचंच डोकं दिसतंय," दंतवैद्य म्हणाला.

सिनेमामंडळाची निवड चालू होती. कोणता सिनेमा 'कल्ट', यावर इतकी भांडणं व्हायची की त्यांनी नियमच केला होता: आवाज बंद करायचा आणि दोघा सभासदांनी एक प्रसंग तोंडपाठ म्हणायचा. जमलं तर सिनेमा कल्ट, त्याचा खेळ पक्का. पण परीक्षा दर वर्षी नव्यानं.

चष्मेवाला आणि त्याची बायको दर वर्षी एकाच सिनेमासाठी उभे राहायचे. यंदा ती हयात नव्हती. सिनेमा गेला, तर तिचं इथलं उरलंसुरलंही जाणार होतं.

"पहिल्याच आठवड्यात आपटलेला सिनेमा," दंतवैद्य कुरकुरला. "आपटला म्हणून कल्ट? मग माझ्या मेहुण्याचं लग्नही कल्टच."

"लोकांनी टाकलेला, पण कुणीतरी उराशी धरलेला हवा," अध्यक्ष बाई म्हणाल्या. "भाऊ, तुमच्याबरोबर दुसरं कोण?"

"लावा तर खरं," चष्मेवाला म्हणाला.

पडद्यावर बसथांबा आला. बॅग घेतलेली बाई, मागून धावत येणारा नवरा. आवाज बंद.

"जाऊ नकोस," चष्मेवाला म्हणाला. "चुकलं माझं."

बाईचे ओठ हलले. तिचं वाक्य त्याला येत होतं, पण ते दुसऱ्यानं म्हणायचं होतं. तो खिशातला रुमाल पिळत राहिला.

"थांबते. पण आधी चहा टाक."

दंतवैद्य बोलला होता. जांभई दिल्यासारखा.

"हे सिनेमात कुठंय?" अध्यक्ष बाईंनी विचारलं. "ती नुसतं 'थांबते' म्हणते."

"म्हणत असेल. वहिनी असंच म्हणायच्या. इतकी वर्षं खेळाला त्यांच्या मागं बसलोय, कान किटले माझे."

"पण नियम..." म्हणत बाईंनी आवाजाच्या बटणाकडे हात नेला.

"साखर संपलीय," चष्मेवाला पडद्याकडे बघत म्हणाला. हेही सिनेमात नव्हतं.

"मग शेजारून आण!" दंतवैद्य खेकसला, अगदी तिच्यासारखा.

बाईंनी बटणावरचा हात काढून घेतला. चष्मेवाल्यानं चाचपडत खुर्ची ओढली.